नऊ मुलं, सहा हयात: आयोवातल्या एका पणजीचा शोध

१४ जानेवारी २०२३

आजपासून या वहीत लिहायला सुरुवात. मी मराठी, सासर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं. शोध सासूबाईंच्या पणजीचा, म्हणजे त्यांच्या आजोबांच्या आईचा. हातात आहे ते असं: एक जाडजूड जर्मन बायबल, त्याच्या मधल्या पानांवर घरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, एक फोटो, त्यात ती काळ्या पोशाखात खुर्चीत बसलेली, आणि सासूबाईंनी लहानपणी ऐकलेलं थोडंफार. ती लहानपणी होल्स्टाइनहून (आजच्या उत्तर जर्मनीतला प्रदेश) आली, माहेर आयोवातल्या डॅव्हेनपोर्ट शहरात, नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) लढलेला, आणि मग सगळे पश्चिमेला क्रॉफर्ड काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, शेती करायला गेले. तिचं माहेरचं आडनाव घरात कुणालाच माहीत नाही.

घराण्यातली बरीच माणसं हयात आहेत, म्हणून इथे कुणाचंही नाव लिहिणार नाही. नावं सासूबाईंकडच्या वेगळ्या वहीत आहेत.

१५ जानेवारी

सुरुवात १९०० च्या जनगणनेपासून केली. अमेरिकेतल्या सगळ्या जुन्या जनगणनांत मला हीच सर्वांत बोलकी वाटते. जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, देशात कोणत्या साली आलात, हे सगळं विचारलेलं आहे. बायकांना आणखी दोन प्रश्न होते: किती मुलं झाली, आणि त्यांतली हयात किती.

तिच्या ओळीत लिहिलंय: जन्म १८४५, लग्नाला ३४ वर्षं, आगमन १८५४. मुलं ९. हयात ६.

बायबलमध्ये मुलं सात आहेत. त्यांतला एक मुलगा १८९९ साली वारला, त्याचा मृत्यू तिथे नोंदलेला आहे. म्हणजे हयात सहा, हा आकडा बरोबर जुळतो. पण झालेली नऊ.

संध्याकाळी सासूबाईंना फोन केला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या घरात सातच म्हणतात. कायम सातच." १९१० च्या जनगणनेतही हे दोन प्रश्न होते, ते पान लगेच काढलं. तिथेही नऊ आणि सहा. दहा वर्षांनी, वेगळ्या प्रगणकासमोर, तेच उत्तर. हे आकडे तिने स्वतः सांगितलेले असणार, असं मी धरून चालते.

या शोधाचं काम आता ठरलं. ती दोन मुलं कोण.

२२ जानेवारी

मधला मोठा खड्डा १८९० चा. त्या जनगणनेचे कागद वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीच्या तळघरात होते. १० जानेवारी १९२१ ला तिथे आग लागली. जे जळलं नाही ते पाण्याने भिजलं, आणि भिजलेलं जे उरलं तेही पुढे नष्ट करण्यात आलं. राष्ट्रीय अभिलेखागार स्थापन झालं १९३४ साली. त्याआधी असे कागद सांभाळायची जबाबदारी नेमकी कुणाची, हेच ठरलेलं नव्हतं. सव्वासहा कोटींच्या देशातली जेमतेम सहा हजार नावं वाचली.

त्याच साली माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी झाली होती, तिची आशा होती. पण राज्यांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावलेल्या त्या यादीतली सुरुवातीची राज्यं गेली, केंटकीच्या अर्ध्यापासून पुढची राहिली. आयोवा गेलेल्यांत.

त्यावर उतारा म्हणजे आयोवाच्या स्वतःच्या जनगणना: १८५६, मग १८८५, १८९५, १९०५, १९१५, १९२५. दर राज्याला असं भाग्य नसतं.

२८ जानेवारी

आज सासूबाईंकडे जाऊन बायबल नीट पाहिलं. नोंदींचं पान सगळेच पाहतात, पण ग्रंथाचं शीर्षकपान कुणी उघडत नाही. छपाईचं साल १८८२.

पहिल्या मुलाचा जन्म १८६७ चा. म्हणजे पुस्तक छापलं गेलं त्याच्या पंधरा वर्षं आधी. खिडकीजवळ नेऊन भिंगाखाली धरलं. पहिली पाच मुलं, १८६७ पासून १८८१ पर्यंतची, एकाच शाईत, एकाच बसणीत लिहिलेली आहेत. अक्षरांचा कल, ओळींमधलं अंतर, लेखणी बुडवल्यावर येणारा जाड ठसा, सगळं एकसारखं. सहाव्या आणि सातव्या मुलाची शाई मात्र वेगवेगळी. त्या नोंदी त्या त्या वेळी झालेल्या आहेत.

म्हणजे १८८२ नंतर कधीतरी बसून आधीची मुलं आठवून लिहिली. तेव्हा जी होती ती लिहिली.

मग सालं एकाखाली एक मांडली: १८६७, १८७२, १८७७, १८७९, १८८१, १८८४, १८८७. शेवटची सगळी दोन-तीन वर्षांच्या अंतराने. पण ६७ आणि ७२ मध्ये पाच वर्षं, ७२ आणि ७७ मध्ये पुन्हा पाच. दोन मुलं हरवलेली, आणि मोकळ्या जागाही दोनच. सासूबाई माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. त्यांनी त्या दोन ओळींच्या मधे बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे."

५ फेब्रुवारी

१८७० ची जनगणना, स्कॉट काउंटी, म्हणजे डॅव्हेनपोर्टचा जिल्हा. या जनगणनेत नातं लिहीत नसत, फक्त घरातली माणसं ओळीने. नवरा, जन्मस्थान होल्स्टाइन. बायको, होल्स्टाइन. तीन वर्षांचा मुलगा, आयोवा. आणि त्याच्याखाली आणखी एक मुलगा, वय ५/१२.

एक वर्षाच्या आतल्या बाळाचं वय महिन्यांच्या अपूर्णांकात लिहायचा नियम होता. १ जून १८७० ला पाच महिने पुरे, म्हणजे जन्म १८६९ चा डिसेंबर किंवा ७० चा जानेवारी. पहिल्या मोकळ्या जागेत बरोबर बसतो. १८८० च्या यादीत हा मुलगा नाही.

पण नातं लिहिलेलं नाही, तेव्हा पुतण्या किंवा भाचाही असू शकतो. पेन्सिलने नोंदवला, पक्का नाही.

आणखी एक गोष्ट. १८७० ला जन्मस्थान होल्स्टाइन, १८८० ला प्रशिया, १९०० ला जर्मनी. माणसं तीच, गाव तेच. १८६४ चं डेन्मार्कशी युद्ध झालं, १८६७ ला श्लेस्विग-होल्स्टाइन प्रशियात गेलं, १८७१ ला जर्मन साम्राज्य उभं राहिलं. हे सगळं घडलं तेव्हा ती आयोवात भाकऱ्या भाजत होती म्हणा ना, आणि तिचं जन्मस्थान मात्र कागदावर बदलत राहिलं. नवशिक्याने यावरून तीन वेगवेगळ्या बायका समजू नयेत म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी

माहेरचं नाव मिळालं!

आयोवाच्या १९२५ च्या जनगणनेत प्रत्येकाला आईवडिलांची नावं विचारली होती, आईचं लग्नाआधीचं नाव धरून, शिवाय आईवडिलांचं लग्न कुठे झालं तेही. पणजी तोवर वारली होती, पण १८८१ ची मुलगी तेव्हा आयोवातच होती. तिच्या पानावर आईचं माहेरचं आडनाव स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि आईवडिलांच्या लग्नाच्या जागेपुढे स्कॉट काउंटी, आयोवा.

आईला वाईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, आपल्या त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत आपल्या घराण्याच्या सात पिढ्या आहेत, पण माझ्या पणजीचं माहेर कुठलं ते तिथे नाही." मी ते पान पाहिलेलं आहे. वडील, आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, सह्या. आमच्या पानावर बायका नाहीत. आयोवाच्या सरकारने १९२५ साली हा एक रकाना छापला म्हणून एका बाईचं माहेर परत मिळालं. मला या रकान्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

२५ फेब्रुवारी

आडनाव हाती आल्यावर अडलेली दारं उघडतात. आयोवाच्या १८५६ च्या जनगणनेत राज्यात किती वर्षं राहताय हे विचारलं होतं. स्कॉट काउंटीत त्या आडनावाचं कुटुंब सापडलं: आईवडील, चार मुलं, त्यांत तिच्या नावाची ११ वर्षांची मुलगी. राज्यात वर्षं २. म्हणजे १८५४, जे तिने १९०० साली सांगितलं होतं तेच.

हॅम्बर्ग बंदरातून सुटणाऱ्या जहाजांच्या प्रवासी याद्या १८५० पासून जपलेल्या आहेत. सुरुवातीच्या वर्षांच्या याद्या कुटुंबप्रमुखाच्या आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावलेल्या, म्हणून आडनावाशिवाय तिथे शिरताच येत नव्हतं. आता मिळाली. वडील, आई, चार मुलं, गाव होल्स्टाइनमधलं.

१८५४ हे साल महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत शिकागोहून निघालेली रेल्वे मिसिसिपीच्या काठी रॉक आयलंडला पोचली. त्याआधी होल्स्टाइनची बरीच माणसं न्यू ऑर्लिन्सला उतरून बोटीने नदी चढून येत. हे कुटुंब न्यूयॉर्कला उतरलं, तेव्हा रॉक आयलंडपर्यंत आगगाडी आणि मग नाव, हा मार्ग त्यांना खुला होता. नदीवरचा रेल्वेपूल झाला १८५६ साली.

पलीकडे डॅव्हेनपोर्ट. डेन्मार्कविरुद्धच्या १८४८ च्या उठावानंतर श्लेस्विग-होल्स्टाइनची इतकी माणसं तिथे आली की १८५१ पासून त्यांचं स्वतःचं वृत्तपत्र होतं, 'डेर डेमोक्राट'. यांतले पुष्कळ मुक्तविचारी, चर्चपासून चार हात लांब राहणारे. म्हणून डॅव्हेनपोर्टच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत या लोकांना शोधताना सारखी निराशा येते. नवऱ्याचं घराणं त्यातलंच दिसतं, त्यांचा एकही बाप्तिस्मा मिळत नाही.

४ मार्च

स्कॉट काउंटीच्या विवाहनोंदीत लग्न सापडलं, १८६६. नवरा सैन्यातून सुटून वर्षही झालं नव्हतं.

त्याची पलटण २० वी आयोवा पायदळ. १८६२ साली लिन आणि स्कॉट या दोनच काउंट्यांतल्या माणसांनी उभी राहिलेली. त्या डिसेंबरात आर्कान्सॉमध्ये प्रेअरी ग्रोव्हची लढाई, पुढच्या उन्हाळ्यात व्हिक्सबर्गचा वेढा, १८६५ च्या एप्रिलमध्ये अलाबामातल्या मोबाइल शहराजवळ फोर्ट ब्लेकली. जुलैत घरी. त्याच्याबद्दल एवढं पुरे. पलटणींबद्दल लिहिणारे खूप आहेत. मला तो हवा आहे तो त्याच्या पेन्शनसाठी. वॉशिंग्टनच्या अभिलेखागाराकडे पेन्शनच्या पूर्ण फाइलची मागणी पाठवली. अनुक्रमणिकेच्या कार्डावर सैनिकाचा आणि विधवेचा, दोघांचेही अर्ज क्रमांक आहेत, म्हणजे ती फाइल जाड असणार.

२० मे

फाइल आली. आज इतर काही केलं नाही.

या फाइली वाचताना एक समजून घ्यायला हवं. १८९० पूर्वी पेन्शन हवी तर आजार युद्धात जडला हे सिद्ध करावं लागे. त्यासाठी शेजारी, जुने सोबती, डॉक्टर यांची प्रतिज्ञापत्रं लागत. सरकारला हवा असतो एक मुद्दा, की हा माणूस कष्टाचं काम करू शकतो की नाही. आणि ते सांगताना शेजारी अख्खं घर सांगून जातात.

नवऱ्याचा अर्ज १८८३ चा, संधिवाताचा. १८८४ साली क्रॉफर्ड काउंटीतल्या एका शेजाऱ्याने दिलेलं प्रतिज्ञापत्र दीड पानांचं आहे. सुरुवात ठरावीक: मी याला इतकी वर्षं ओळखतो, आमच्या जमिनी लागून आहेत. मग कोणत्या साली पेरणीला याला माणूस लावावा लागला, कोणत्या साली मका काढायला. आणि मग, मी मराठीत उतरवते:

"१८७९ च्या हिवाळ्यात याची लहान मुलगी वारली तेव्हा जमीन गोठलेली होती आणि याला कुदळ उचलत नव्हती. कबर मी आणि माझ्या भावाने खणली. हा जवळ उभा होता."

कारकुनाने समासात निळ्या पेन्सिलीने एक रेघ ओढली आहे, कुदळीच्या वाक्यापाशी. त्याला तेवढंच हवं होतं.

सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. त्या म्हणाल्या, "मुलगी होती तर." एवढंच.

अर्ज तेव्हा नामंजूर झाला. २७ जून १८९० च्या कायद्याने आजार युद्धातलाच असण्याची अट काढली, तेव्हा पेन्शन सुरू झाली.

२१ मे

फाइलचा बाकीचा भाग. १८९८ साली पेन्शन कचेरीने सगळ्या निवृत्तिवेतनधारकांना एक छापील प्रश्नावली पाठवली होती: बायकोचं नाव, लग्नाआधीचं नाव, लग्न कधी, कुठे, कुणी लावलं, हयात मुलं कोणती आणि त्यांच्या जन्मतारखा. त्याने स्वतःच्या हाताने भरली आहे. माहेरचं आडनाव १९२५ च्या पानाशी जुळतं, एका अक्षराचा फरक. हयात मुलं सात, बायबलमधली सातही. हा प्रश्न फक्त हयात मुलांचाच होता. सरकारने मेलेल्यांबद्दल विचारलं नाही, त्यानेही लिहिलं नाही.

तो १९०४ ला वारला. तिचा विधवा म्हणून अर्ज: जमीन किती, गुरं किती, कर्ज किती, उत्पन्नाचं साधन काय. महिना ८ डॉलर मंजूर. १९०८ च्या कायद्याने ते १२ झाले. तिच्या प्रतिज्ञापत्राखाली टीप आहे की मजकूर तिला जर्मनमध्ये समजावून सांगितला. पन्नास वर्षं आयोवात राहून तिला इंग्रजी कागदावर सही करायला दुभाष्या लागत होता. सही मात्र तिची, जर्मन वळणाची, ठाम. या फाइलीत तिच्या हातचं एवढंच आहे, आणि मी ते बराच वेळ पाहत बसले.

३ जून

आयोवात जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली जुलै १८८० पासून. मुलगी त्याआधीच गेली, म्हणून काउंटीच्या मृत्युनोंदीत ती नसणार हे ठाऊक होतं. पण १८५० ते १८८० च्या जनगणनांबरोबर मृतांची एक वेगळी यादी केली जायची: मागच्या बारा महिन्यांत घरात कोण वारलं. १८८० साठी ती मुदत १ जून १८७९ ते ३१ मे १८८०. तिचा हिवाळा बरोबर मधे येतो.

क्रॉफर्ड काउंटीची पानं एकेक करून पाहिली. या यादीत डावीकडे कुटुंबाचा क्रमांक असतो, मुख्य जनगणनेतला. आपल्या कुटुंबाचा क्रमांक मी कागदावर लिहून शेजारी ठेवला होता.

सापडली. नाव आहे. वय ४. आईवडिलांचं जन्मस्थान प्रशिया. महिना डिसेंबर. कारण: घटसर्प.

तिच्या वरच्या आणि खालच्या ओळींतही घटसर्प, वेगवेगळ्या घरांतली मुलं, वयं २, ६, ५, ९. त्या पानावर वरून खाली बोट फिरवत नेलं की तो हिवाळा दिसतो. घशात पडदा धरायचा आणि मूल श्वासासाठी तडफडायचं. त्यावरचं प्रतिविष आलं १८९० च्या दशकात. त्या डिसेंबरात घरात बारा वर्षांचा, सात वर्षांचा, दोन वर्षांचं आणि अंगावर पिणारं अशी आणखी चार होती. ती चारही वाचली. त्या अंगावरच्या मुलाचाच वंश म्हणजे सासूबाई, माझा नवरा, माझी मुलं.

वय ४, म्हणजे जन्म १८७५ च्या आसपास. बायबलमधली दुसरी मोकळी जागा.

१० जून

नवऱ्याचं घराणं चर्चपासून लांब, पण तिचं माहेर लूथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) होतं. म्हणून क्रॉफर्ड काउंटीतल्या लूथरन मंडळींच्या (एकेका चर्चच्या सभासदांच्या समूहांच्या) वह्यांची छायाचित्रं पाहायला घेतली. अक्षर जुनं जर्मन, कुरेंट. यात ई आणि एन जवळजवळ सारखे. यू वर एक छोटी कमान असते म्हणून तो ओळखू येतो. एच वर-खाली दोन्हीकडे वेटोळं घेतो. मोडी शिकताना मास्तर सांगायचे की शब्द सुटा बघू नकोस, त्या लेखकाचा हात आधी ओळख, मग वाच. इथे तेच केलं. आधी ज्या नोंदी ठाऊक आहेत त्या वाचून त्या पाद्रीची अक्षरं एका कागदावर उतरवून घेतली, मग डिसेंबर १८७९ काढला.

दफनाची नोंद आहे. नाव जनगणनेशी जुळतं, शिवाय दुसरं नावही, ते तिच्या आजीचं, म्हणजे पणजीच्या आईचं. वय: ४ वर्षं, २ महिने, ११ दिवस. हे पाद्री लोक वय असंच लिहीत, त्यावरून जन्मतारीख मोजता येते. मोजली आणि सासूबाईंच्या वहीत लिहिली. वडिलांच्या रकान्यात वडिलांचं नाव, त्यापुढे दोन शब्द, ते मंडळीचे सभासद नाहीत. आई सभासद आहे.

म्हणजे मुलीला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळवली ती आईने. हा माझा निष्कर्ष आहे, पण त्या रकान्यावरून दुसरा काही निघत नाही.

वही पुढे चाळली. पाच-सहा पाद्री बदलले तरी जर्मन चालू आहे, आणि १९१८ च्या मध्यावर, पान न बदलता, पुढची नोंद इंग्रजीत. २३ मे १९१८ ला आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, गाडीत, टेलिफोनवर, सभांत फक्त इंग्रजी. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी प्रार्थना घरी करावी. त्याच वर्षी 'डेर डेमोक्राट' बंद पडलं. पणजी तेव्हा ७३ वर्षांची. चौदा वर्षांपूर्वी जिला प्रतिज्ञापत्र जर्मनमध्ये समजावून सांगावं लागलं होतं, तिने त्या उन्हाळ्यात दुकानात, देवळात, शेजारणीशी कोणत्या भाषेत बोलावं अशी या सरकारची अपेक्षा होती? मी घराबाहेर पडून मुलांशी मराठीत बोलते, त्याच राज्यात. मला याचा राग येतो, आणि तो इथे लिहून ठेवते.

१५ जुलै

सासूबाईंना घेऊन क्रॉफर्ड काउंटीत. आधी डेनिसनला कचेरीत जमिनीची खरेदीखतं पाहिली. १८८५ च्या आयोवा जनगणनेत शेतकऱ्यांच्या नावापुढे सेक्शन, टाउनशिप, रेंज, म्हणजे सरकारी मोजणीतला जमिनीचा पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे नकाशावर शेत नेमकं सापडतं. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर. यांचा पाव सेक्शन, १६० एकर. खरेदी १८७६, टोळधाडीच्या वर्षांत. तेव्हा पश्चिम आयोवात जमीन विकणारे बरेच होते. शेजारचा पाव सेक्शन कबर खणणाऱ्याचा, त्याच्या प्रतिज्ञापत्रात म्हटल्याप्रमाणे लागून. आता दोन्हींवर मका आणि सोयाबीन, मधे बांधसुद्धा राहिलेला नाही.

मग दफनभूमी. पणजीचा आणि तिच्या नवऱ्याचा दगड नीट आहे. मुलीचा दगड नाही. चर्चकडे जुना आराखडा आहे, त्यात १८७९-८० च्या हिवाळ्याची एक ओळ आहे, लहान मापाच्या कबरी, बहुतेकांवर नावं नाहीत. आराखड्याचा फोटो घेतला. सासूबाईंनी दगड बसवायचं ठरवलं आहे, त्या मंडळीच्या दफनभूमी समितीशी बोलतायत. नाव आणि तारखा एवढंच कोरायचं, जागा नक्की नसल्यामुळे त्या ओळीच्या टोकाला.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, बायबलमध्ये लिहू का? मी म्हटलं, लिहा, पण मधल्या जागेत नको. जुन्या हाताची ओळ जशी आहे तशी राहू द्या, खाली वेगळी नोंद करा आणि आजची तारीख घाला, म्हणजे पुढच्याला कळेल की हे २०२३ साली कागदपत्रांवरून लिहिलं.

१२ ऑगस्ट

पाच महिन्यांचा मुलगा अजून पेन्सिलनेच. पुरावा एवढाच: १८७० च्या घरात तो होता, १८८० ला नाही, मोकळ्या जागेत बसतो, आणि नऊचा आकडा त्याच्यामुळे पुरा होतो. पुतण्या असण्याची शक्यता आता कमी आहे, कारण नवऱ्याचे दोन्ही भाऊ १८७० च्या याद्यांत वेगळे सापडले, बायकामुलांसह, आणि त्यांच्या घरचा हिशोब पुरा जुळतो. पण तिच्या माहेरची बाजू तपासायची राहिली आहे. तिची एक बहीण १८७० च्या जनगणनेआधी वारली असली तर हा तिचा मुलगा असू शकतो.

तो गेला असेल तर बहुधा स्कॉट काउंटीत गेला, १८७० ते ७६ मध्ये, सरकारी नोंदीच्या आधी. उरलेल्या वाटा: डॅव्हेनपोर्टच्या सार्वजनिक वाचनालयातल्या रिचर्डसन-स्लोन विशेष संग्रहातल्या जुन्या दफननोंदी, 'डेर डेमोक्राट'मधल्या मृत्यूच्या सूचना, आणि तिच्या माहेरच्या लूथरन मंडळीची वही, कारण मुलगी जर आईच्या चर्चमध्ये पुरली तर मुलगाही तसाच असणार.

वाचनालयाला आज पत्र पाठवलं: दोन्ही आडनावं, १८७० ते १८७६, मुलगा, वय सात वर्षांच्या आत. वृत्तपत्राची फिल्म मी स्वतः तिथे बसून वाचणार, जानेवारी १८७० पासून. कुरेंटचा कागद बरोबर न्यायची गरज नाही, ते छापील आहे. माहेरच्या बहिणीसाठी १८६० ची जनगणना आधी.